कॅप्टनला येणारा एकच शब्द

कुत्र्यांना फक्त इंग्रजी समजतं, असं वयाच्या चौदाव्या वर्षी माझं ठाम मत होतं. ते मी कुठून आणलं होतं ते आता आठवत नाही. पण त्या वयात माझी सगळीच मतं ठाम होती आणि त्यातलं एकही मी स्वतः कमावलेलं नव्हतं. सिनेमातल्या बंगल्यांत साहेब लोक कुत्र्याला 'सिट' म्हणायचे आणि कुत्रा बसायचा. आमच्या चाळीत लोक कुत्र्याला 'बस रे मेल्या' म्हणायचे आणि कुत्रा उठून जायचा. यावरून मी निष्कर्ष काढला की दोष भाषेचा आहे. माझं स्वतःचं इंग्रजी तेव्हा 'माय नेम इज' आणि गाईवरचा निबंध यांच्या मधे कुठेतरी अडकलं होतं. म्हणजे कुत्र्याला समजणारी भाषा मला येत नव्हती, आणि मला येणारी भाषा कुत्र्याला समजत नाही असं मीच ठरवून टाकलं होतं. एवढ्या तयारीनिशी मी कुत्रा पाळायला घेतला.

हे सगळं आता वर आलं याला कारण माझी नात रेवा. मुलुंडला, चौदाव्या मजल्यावरच्या आमच्या घरात तिने दोन महिन्यांपूर्वी पिल्लू आणलं. त्याला शिकवायला दर शनिवारी एक ट्रेनर येतो. त्याच्या कमरेला खाऊची पिशवी असते आणि हातात टिक्-टिक् वाजणारं बटण. तो कुत्र्यापेक्षा रेवालाच जास्त शिकवतो, आणि तेच बरोबर आहे असं माझं मत आहे. पण मला कोणी विचारत नाही. परवा तो मला म्हणाला, "आजी, घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा हां. सेम वर्ड, सेम टोन. नाहीतर डॉग कन्फ्यूज होतो."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे अख्खी चाळ एकच शब्द वापरायची. टोनसुद्धा एकच."

"वॉव! त्या काळात एवढा अवेअरनेस होता?"

मी चहा पुढे केला.

ती चाळ घाटकोपरला डोंगराच्या चढावर होती. बैठी, एका ओळीत नऊ खोल्या, आणि पुढून सगळ्यांचा मिळून एक लांबलचक ओटा. खोल्यांच्या मधे भिंती होत्या असं म्हणणं धाडसाचं होईल. खाली कंबरेएवढ्या विटा आणि वर पत्रा. शेजारी फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. शेजारच्या स्टोव्हला पंप मारायचा आवाज, पलीकडच्या रेडिओवरच्या बातम्या, त्याच्या पलीकडचं भांडण, हे सगळं आपापल्या वेळेला येत असे आणि आम्ही त्यावर घड्याळ लावत असू. डोक्यावरून विमानं इतकी खाली जायची की चाकं मोजता यावीत. विमान आलं की चाळीतलं बोलणं शब्दाच्या मधोमध थांबायचं आणि विमान गेलं की त्याच अक्षरापासून पुढे सुरू व्हायचं. आजही मी बोलता बोलता मधेच थांबते तेव्हा रेवाला वाटतं आजी विसरली. आजी विसरलेली नसते, विमानाला वाट देत असते.

बाबा गिरणी सुटल्यावर साकीनाक्याला लेथ मशीनच्या एका लहानशा कारखान्यात लागले होते. तिथली कुत्री मशीनमागे व्याली. पाच पिल्लांतली चार कामगारांनी नेली आणि पाचवं बाबांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. पिल्लू मुळात पांढरं होतं, पण तेल पुसायच्या चिंध्यांवर झोपून झोपून काळं झालेलं, आणि त्याला ग्रीसचा वास येत होता. बाबांनी ते हलकेच जमिनीवर ठेवलं. पिल्लाने दोन पावलं टाकली, आईच्या धुतलेल्या लादीवर शू केली आणि त्यातच बसलं.

"ह्या काय आणलात?" आई म्हणाली.

"कुत्रो," बाबा म्हणाले. ते कमी बोलत आणि बोलत ते खरं असे.

"ता दिसता माका. आणि मे म्हयन्यात गावाक जाताना ह्येका खंय ठेवतलात? माझ्या डोक्यार?"

बाबांनी पिशवीतून डबा काढून मोरीत ठेवला. "तवसर ऱ्हवांदे. मगे मिटिंगीत काय ता ठरवूया."

इथे मिटिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. आमची चाळ सगळी कोकणातली. मे महिना लागला की नऊपैकी आठ खोल्यांना कुलूप लागायचं. त्याआधी एका रविवारी ओट्यावर सगळे जमून कोणाची किल्ली कोणाकडे, पाण्याचा नळ कोण बघणार, असलं सगळं ठरवत. ओटा सगळ्यांचा, म्हणून ओट्यावरच्या कुठल्याही गोष्टीला नऊच्या नऊ घरांची हो लागे. एका घराने नाही म्हटलं की संपलं. एसटीत कुत्रा घेत नाहीत. तेव्हा महिनाभर पिल्लू ओट्यावर राहणार, नाहीतर बाबा ते साकीनाक्याला परत सोडून येणार, दोनच वाटा होत्या. तो कारखाना बंद व्हायच्या बेतात होता आणि त्याच्या दाराशी दिवसभर ट्रक वळत. पिल्लाला तिथे सोडणं म्हणजे काय, हे घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मलाही ते कळत होतं, म्हणून मी जास्तच हुशारी करायला लागले.

कॅप्टन हे नाव मी ठेवलं. आई त्याला 'कापटन' म्हणायची, आणि चिडली की 'कापट्या'. तिने त्याला पहिल्याच दिवशी कपड्यांच्या साबणाने धुतला, पेजेत भाकरी कुस्करून घातली आणि पहाटे नळावर जाताना कळशीबरोबर काखेत मारून नेऊ लागली. ती रांगेत उभी असेपर्यंत तो गटाराच्या कडेला आपलं काम उरके. चार दिवसांत त्याने घरात घाण करणं थांबवलं. हे यश मी माझ्या नावावर धरलं, कारण त्याच चार दिवसांत मी त्याच्यासमोर बोट नाचवत 'नो, कॅप्टन, नो' असं म्हटलं होतं.

माझ्याकडे पुस्तक होतं. रद्दीवाल्याकडे मिळालेलं, कव्हर नसलेलं, पहिली दहा-बारा पानं फाटलेलं इंग्रजी पुस्तक. त्यातली गोरी मुलं कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून हसत होती. शब्दकोश घेऊन मी एकेक ओळ लावायची. एका पानावर फार महत्त्वाचं काहीतरी होतं, कारण त्याखाली आधीच्या मालकाने पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती. त्या वाक्याचा अर्थ मला असा लागला, की बक्षीस देण्याआधी त्याचं नाव स्पष्ट उच्चारावं, दर वेळी तोच शब्द वापरावा, आणि घरातल्या सर्वांनीही तोच वापरावा. आता मला वाटतं, तिथे बक्षिसाचं नाव नसून हुकमाचं नाव असावं. पण एका शब्दाने काय बिघडतं!

बक्षीस कोणतं द्यायचं हे उघड होतं. मी खाटकाकडे गेले. तो म्हणाला, "कुत्र्याला म्हणून नेतेस आणि घरी रस्सा करतेस की काय?" पण त्याने कागदात बांधून हाडकं दिली. ती मी उकळून, बारीक तुकडे करून मोरीच्या कोपऱ्यात डब्यात ठेवली. (आता डॉक्टर सांगतात, शिजवलेलं हाड पिल्लाला मुळीच देऊ नये. कॅप्टन बारा वर्षं जगला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.) मग शाळा सुरू झाली. 'कॅप्टन, सिट.' तो उभा. 'कॅप्टन, कम हिअर.' तो कान खाजवी. 'कॅप्टन, गिव्ह हँड.' तो जांभई देऊन झोपे. पोरगं निराश होऊ नये म्हणून प्रत्येक धड्याच्या शेवटी मी डबा उघडे, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बक्षिसाचं नाव खणखणीत घेई, 'हाड!', आणि तुकडा देई.

महिनाभरात तो एक शब्द पक्का शिकला. 'हाड' म्हटलं की तो कुठे असेल तिथून बाणासारखा यायचा, समोर बसायचा, तोंड उघडायचा. 'सिट'सुद्धा त्यातच आपोआप होत असे. मला माझा फार अभिमान वाटला. आईच्या माहेरी, वेंगुर्ल्याच्या खालच्या अंगाला, 'हाड' म्हणजे 'घेऊन ये'. त्यामुळे आईने "गो शालू, तांब्यो हाड" म्हटलं की तांब्या घेऊन मी आणि जीभ बाहेर काढून कॅप्टन असे दोघंही तिच्यापुढे हजर व्हायचो. आम्ही हसायचो. तिसरा अर्थ घरातल्या एकाच्याही लक्षात आला नाही. घरात कुत्रा असला की त्याला कोणी हाकलत नाही, म्हणून असेल.

तो अर्थ ओट्यावर होता.

आमच्या शेजारच्या खोलीत परब काकू राहायची. पाठीमागे तिला सगळे परबीण म्हणत. तिचं वय तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कमीच असेल, पण मला ती डोंगराबरोबरच निर्माण झालेली वाटे. नवरा गेलेला. एकुलता एक मुलगा लग्न करून बोरिवलीला ब्लॉकमध्ये राहायला गेला होता आणि तो दर महिन्याला 'येतो' असा निरोप पाठवी. निरोप नियमित येत. होळी झाली की काकू मालवणी मसाला करून विकायला घ्यायची. ओटाभर जुनी लुगडी अंथरून त्यावर मिरच्या, धणे, बडीशेप, आणि दिवसभर लोखंडी खलात धप्प धप्प. अंगणात येणाऱ्या प्रत्येक जिवाशी तिचं एकाच शब्दात बोलणं होई. कुत्री, मांजरं, कावळे, क्रिकेट खेळणारी पोरं, एकदा एक विमा एजंट. सगळ्यांना 'हाड'.

एप्रिलच्या एका दुपारी मी कॅप्टनला पहिल्यांदा ओट्यावर मोकळा सोडला. तो दारात उभा राहून उन्हाकडे बघत होता. काकूने मान वर केली.

"हाड!"

मी बघितलं, की कॅप्टनचे कान उभे राहिले. मग त्याने चेहऱ्यावर असा काही आनंद आणला, जणू आजवर इतक्या प्रेमाने त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. तो मिरच्यांवरून धावत गेला, शिंकला, धण्यांवरून धावला, आणि काकूच्या पायांशी बसून त्याने तोंड उघडलं.

"हाड! हाड मेल्या! हाड!"

एकदम तीन! कॅप्टनच्या लेखी एवढी दिलदार बाई चाळीत दुसरी नव्हती. त्याने शेपटीने अर्धा किलो धणे झाडून काढले. काकू खल सोडून स्टुलावर चढली आणि वरून ओरडू लागली. ती जितकी ओरडे तितका तो जवळ सरके, आणि शेवटी दोन पायांवर उभा राहून त्याने पुढचे पाय तिच्या लुगड्याला टेकवले.

मी दारात उभी होते. काय झालंय ते मला एका क्षणात कळलं, आणि माझ्या तोंडून फक्त "वाट लागली" एवढंच निघालं. तेही मराठीतच.

"शालग्या!" काकू स्टुलावरून गरजली. "उचल तुझो तो सायेब! मिटिंगीत बघतंय मी तुमका!"

मिटिंगीला तीन आठवडे होते. पहिल्यांदा मी ठरवलं की बक्षिसाचं नाव बदलायचं. 'हाड' बंद, आता 'बोन'. आठवडाभर 'बोन' म्हणत मी तुकडे दिले. कॅप्टन 'बोन'लाही येऊ लागला. 'हाड'ला तर येतच होता. कुत्रा तेवढा द्विभाषिक झाला. मग ठरवलं, 'हाड' म्हणायचं आणि काहीच द्यायचं नाही. तो समोर बसून वाट बघे. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता, की शेवटी मीच उठून डबा उघडे. मग मला एक जबर कल्पना सुचली. त्या वयात सुचलेल्या माझ्या सगळ्या कल्पना जबरच असत. मी काकूकडे गेले.

"काकू, एक सांगू? तुम्ही त्याला 'हाड' म्हणू नका ना."

तिने मुसळ हवेत थांबवलं. "मगे काय म्हणू?"

"'ये' म्हणा. 'ये' म्हटलं की तो अजिबात येत नाही. 'कम हिअर' म्हणालात तर लांबच जाईल."

काकूने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. वरून एक विमान गेलं. ते जाईपर्यंत ती तशीच पाहत राहिली.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या दारात इलेल्या कुत्र्याक मी म्हणू, 'ये बाबा, ये.' आणि पावण्याक काय म्हणू? हाड?"

"तसं नाही काकू..."

"शाळेत पाठवतत तुका. फी भरतत." तिने मुसळ खाली सोडलं. "हाड हयसून."

मी निघाले. कॅप्टन आला.

हे असं चालू असताना एका दुपारी मी घरात एकटीच होते. आई मासळी आणायला गेली होती, कॅप्टन दिसत नव्हता, आणि खलाचा आवाज बंद होता. पत्र्यापलीकडून ऐकू आलं, "हाड." पण हा आवाज वेगळा होता. हळू. कोणी झोपलेल्या मुलाला उठवावं तसा. "हाड रे माझ्या बाबा. हाड." पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं. मी त्याला डोळा लावला, याची मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आताही वाटत नाही. काकू जमिनीवर पाय पसरून बसली होती. कॅप्टन तिच्या पायांवर हनुवटी ठेवून पडला होता. ताटलीत बांगड्याची दोन डोकी. ती एकेक काटा काढून त्याला भरवत होती आणि बोलत होती. "पोरगो म्हणता, सुट्टी गावना नाय. आयतवारी कसली रे सुट्टी व्हयी?" कॅप्टन चघळत होता. "तुका गावता ती सुट्टी?"

मला हायसं वाटलं. पण संध्याकाळी तीच काकू ओट्यावर उभी राहून अख्ख्या चाळीला ऐकवत होती, "हो कुत्रो हयसर ऱ्हवाचो नाय म्हणजे नाय!" आणि हातातली काठी कॅप्टनसमोर आपटत होती. कॅप्टन अर्थातच तिच्यापुढे बसला होता. मी गोंधळले. माणसं पत्र्याच्या आत एक आणि बाहेर एक अशी दोन असू शकतात, हे त्या पुस्तकात नव्हतं. बहुधा पहिल्या दहा पानांत असेल.

मिटिंगीचा रविवार आला. ओट्यावर चटया पसरल्या. मधे खुर्चीवर गावडे मास्तर, कारण चाळीत फक्त त्यांनाच कागदावर लिहून मग वाचायची सवय होती. किल्ल्या झाल्या, नळ झाला, मग मास्तर म्हणाले, "मे महिन्यात मागे राहणारं घर एकच. परबीणबाय, दरवर्षीप्रमाणे." काकू पदराने चटईची धूळ झटकत होती. तिने मान वर केली नाही. दरवर्षी आठ खोल्या बंद होत आणि ती एकटी उरे, हे वाक्य मी दरवर्षी ऐकत आले होते. त्या दिवशी ते पहिल्यांदा ऐकू आलं.

"आता कुत्र्याचा विषय," मास्तर म्हणाले.

सात घरांची हरकत नव्हती. त्यातल्या चौघांना विषय काय तेही माहीत नव्हतं. मग सगळे काकूकडे बघायला लागले. तिने सुरुवात मिरच्यांपासून केली. मिरच्यांवरून धणे, धण्यांवरून शिंका. "आणि परवा गिऱ्हाईक म्हणता, परबीणबाय, ह्यो मसालो की घोंगडी? पांढरे केस गावले त्येका!" लोक हसले. बाबा उभे राहिले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पगार बुडल्याची बातमी सांगतानाही तो तसा नव्हता.

"ठीक आसा," ते म्हणाले. "उद्या सकाळी सोडून येतंय साकीनाक्याक."

आणि मी उठले. माझ्या आयुष्यातलं पहिलं सार्वजनिक भाषण हे होतं, आणि ते मी आधी विचार न करता केलं.

"त्याची काही चूक नाही! मी शिकवलं त्याला! हाड म्हणजे हाड, म्हणजे खायचं हाड! काकू हाकलतात असं त्याला वाटतच नाही. त्याला वाटतं काकू खायला देतायत, म्हणून तो जातो!"

मग मास्तरांनीच सुरुवात केली. "म्हणजे परबीणबाय," ते डोळे पुसत म्हणाले, "महिनाभर तुम्ही त्याला जेवायला बोलावताय!" चाळ फुटली. कोणीतरी ओट्याच्या टोकावरून ओरडलं, "हाड!" कॅप्टन धावत गेला. "हाड!" या टोकावरून. तो परत आला. लहान-मोठे सगळे 'हाड, हाड' ओरडायला लागले, आणि कॅप्टन या टोकाहून त्या टोकाला, सगळं जग आपल्याला एकदम जेवायला बोलावतंय या आनंदात. माझी कल्पना होती की लोक हसले म्हणजे जिंकलं. मी हसत काकूकडे बघितलं.

ती हसत नव्हती. रागावलेलीही नव्हती. खोलीतली वस्तू सगळ्यांसमोर रस्त्यावर ठेवली जावी, तशी ती बसली होती. भर मिटिंगीत मी तिला सांगितलं होतं, की तो तुझ्यासाठी येत नाही. रेवाला मी सांगते की बोलण्याआधी दहा आकडे मोज. दहा आकडे कुठून आले ते सांगत नाही.

कॅप्टन पाच-सहा फेऱ्यांत दमला. त्याने कोणाच्याच हातात काही नाही हे पाहिलं असावं. मग तो शांतपणे चटयांवरून चालत आला आणि एका माणसाच्या पायांवर हनुवटी ठेवून पडला. त्या गर्दीत 'हाड' न म्हणालेलं ते एकच माणूस होतं.

काकूने पाय हलवला नाही.

"मधी पत्रो आसा," ती म्हणाली, "भिंत नाय. पयल्या दिवसापासून आयकतंय मी ह्या शाळेक. ह्या चेडू हाड म्हणता नि हाड देता. मी हाड म्हणतंय नि काठी दाखवतंय. काय एक देणंय नाय. तरी येता." तिने मास्तरांकडे पाहिलं. "तुमी शिकलेले. तुमीच सांगा, मगे कित्याक येता तो?"

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं. कागदावर उत्तर नव्हतं.

उत्तर माझ्याकडे होतं. बांगड्याची दोन डोकी, एकेक काटा काढून. माझं तोंड उघडलंही होतं. काकूने माझ्याकडे बघितलं. तिची नजर माझ्यावरून निघून आमच्या खोल्यांच्या मधल्या पत्र्याकडे गेली, आणि तिथल्या खिळ्याच्या भोकाएवढीच बारीक होऊन परत आली. तिला माहीत होतं. मी तोंड मिटलं. आईला वाटलं मला चक्कर येतेय. तिने मला खाली बसवलं.

"मे म्हयनो माझ्याकडे ऱ्हवतलो," काकू उठत म्हणाली. "माझ्या दारात. पण एक सांगतंय, त्येच्याशी कोणी इंग्रजी बोलाचा नाय. बावचाळता बिचारो."

मास्तरांनी ते कागदावर लिहून घेतलं. बाबा खाली बसले आणि बराच वेळ नुसते चटईची काडी मोडत राहिले.

आम्ही गावी गेलो. मी आंबे खाल्ले, फणस खाल्ले, आणि कॅप्टनच्या आठवणीने दोनदा रडले; दोन्ही वेळा कोणीतरी बघत असताना. मुंबईला परत आल्यावर मी सामानही खाली न ठेवता ओट्यावर धावले. कॅप्टन काकूच्या दारात पसरला होता. दीडपट झाला होता. महिनाभर भात, मासे आणि मराठी खाऊन त्याचं अंग चकचकीत झालं होतं. त्याने मला ओळखलं, दोन वेळा माझं तोंड चाटलं, चपलेचा वास घेतला, आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन पडला.

मी आमच्या दारात जाऊन उभी राहिले. कमरेवर हात ठेवले. "कॅप्टन," मी म्हटलं, "कम हिअर." अट माझ्या लक्षात होती, पण म्हटलं एकदाच.

त्याने शेपूट हलवली. जागचा हलला नाही.

"कॅप्टन. सिट." तो आधीच बसलेला होता, म्हणून हे जमलं.

आतून परबीण बाहेर आली. हातात झाकलेली ताटली होती. ती ओट्यावर बसली, पाय पसरले, आणि कोणाकडे न बघता म्हणाली, "हाड."

कॅप्टन उठला आणि गेला.

मी थोडा वेळ दारात उभी राहिले. माझा मान राखायचा असेल तर आत निघून जाणं योग्य, हे मला कळत होतं. मग मीही गेले. काकूच्या दुसऱ्या बाजूला, थोडं अंतर ठेवून बसले.

"आणि तू कित्याक इलंस?" ती म्हणाली. "तुका मी हाड खंय म्हटलंय?"

तिने ताटलीवरचं झाकण काढलं. घावन होते, अजून गरम. दोन तिने कॅप्टनपुढे ठेवले आणि एक माझ्या हातावर. माझं लग्न होऊन मी चाळ सोडेपर्यंत हे प्रमाण काही बदललं नाही.